पोपटाच्या डब्याचा पत्रा

४ जानेवारी

प्रिय आजी,

फोनवर मी ओरडून सांगते आणि तू 'नीट बोल' म्हणून मलाच ओरडतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. आजोबांची घरगाडी बोंबलायला लागली आहे.

निघाले तेव्हा बरी होती. तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी, पण काकानं बॅटरी बदलली आणि पहिल्या किल्लीला चालू झाली. पलंग, ओटा, पडदे, सगळं आजोबांनी ठेवलं होतं तसंच आहे. शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरायचं तर याहून चांगलं दुकान मिळणार नाही. पण मागच्या आठवड्यात एका खड्ड्यात गाडी आपटली, खालून काहीतरी पडलं आणि तेव्हापासून फार मोठा आवाज येतो. उतरून पाहिलं तर रस्त्यात एक गंजका पत्रा पडला होता, तारेनं बांधलेला. त्यावर अर्ध्या पोपटाचं चित्र होतं. फेकून दिला.

आता मी गावात शिरते ते वरात शिरल्यासारखी. बायका यंत्रं घेऊन दारात उभ्या असतात, कारण मी येते आहे हे त्यांना मैलभर आधी कळतं. एकीनं विचारलं, आमचंही यंत्र असंच दुरुस्त करणार का?

काका म्हणाला, सायलेन्सरचं आजीला विचार, तिच्याइतकं कुणाला कळत नाही. तर सांग.

तुझी
भिंगरी


९ जानेवारी

भिंगरीस,

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. सुईत दोरा ओवणारीचा हात असा कसा, कळत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तरी माझं बघ.

'फार मोठा आवाज येतो' म्हणजे काय? मोठा आवाज गाढवाचाही असतो आणि फटाक्याचाही. माझे कान जाऊन चार वर्षं झाली. मी काय तुझ्या शब्दांना कान लावू? फटफट आहे, घरघर आहे, की साप फुसकारल्यासारखं आहे? गार इंजिनाला एक आणि तापल्यावर दुसरा, असा फरक पडतो का? हे लिहायचं सोडून वरात लिहिते.

तू फेकलास तो माझा साखरेचा डबा होता. म्हाताऱ्यानं मला न विचारता कापला आणि सायलेन्सरच्या भोकावर गुंडाळला. तोही मीच मागे लागले म्हणून. रोज दुपारी अंगणात गाडी चालू ठेवून आत पेपर वाचत बसायचा, म्हणे हीटरची ऊब लागते. मला ऐकू येत नव्हतं, पण शेजारीण कानांवर हात ठेवून नाच करायची ते दिसत होतं. असो. त्याच गाडीत बसल्या बसल्या गेला. मांडीवर पेपर, हातात पाना, गालांवर नवरदेवासारखी लाली. डॉक्टर म्हणाले हृदय, लोक म्हणाले पुण्यवान. मी म्हटलं, जेवायला न सांगता गेला.

आता काम. भोक शोधायला दोघं लागतात. गाडी सपाट जागी लाव, जॅकवर चढवून खाली शिरू नकोस, बाजूला आडवी पड. इंजिन गार असताना चालू कर. एकीनं मागे बसून ओल्या फडक्याचा जाड बोळा नळीच्या तोंडाशी दाबायचा. धुराला मागून वाट मिळेना की तो भोकातून फुसकारतो. तिथे हात फिरवायचा, पण लावायचा नाही, नाहीतर कातडं तिथेच राहील. इंजिनाच्या गोंगाटात बोललेलं कळत नाही, म्हणून गॅरेजात आम्ही ठोकून बोलायचो. म्हातारा खाली, मी मागे. त्यानं पान्यानं नळीवर दोनदा ठोकलं की मी दाबायची. चाळीस वर्षं दाबलं. तेवढी एक खूण तुला पुरे. कुठे काय सापडलं ते नीट लिही.

आजी


१४ जानेवारी

प्रिय आजी,

तू सांगितलंस तसंच केलं. इथे एक शिंपीणबाई आहेत, त्यांच्या अंगणातच गाडी लावली आहे. सात यंत्रं आहेत त्यांच्याकडे आणि सातही आजारी, म्हणजे माझा मुक्काम लांबणार. त्यांनी बोळा दाबला, मी आडवी पडले. दोनदा ठोकल्यावर बाई दचकून उठून उभ्याच राहिल्या. दुसऱ्या वेळी जमलं.

दोन जागा सापडल्या. मागे सायलेन्सरच्या डब्याला खालून माझ्या अंगठ्याएवढं भोक आहे, तिथून फटफट फटफट, आणि काळी काजळी धरली आहे. दुसरी पुढे, माझ्या सीटच्या बरोबर खाली, इंजिनातून नळी निघते त्या जोडापाशी. तिथे बारीक फुस, फुस. दात पडलेलं माणूस बोलतं तसं. पण इंजिन तापलं की ती फुस थांबते.

इथे थंडी मरणाची आहे. सकाळी आणि संध्याकाळी तासभर इंजिन चालू ठेवते, बॅटरीही भरते आणि सीटखालून पायांना छान ऊब येते. तेवढ्यात पत्रं लिहून होतात. फक्त हा आवाज. शिंपीणबाई काही म्हणत नाहीत, पण त्यांच्या सासूबाई म्हणतात.

भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरीस,

शाबास. अक्षर सुधारलं नाही पण डोकं चालतं.

पुढच्या फुसची काळजी करू नकोस. जुन्या गाड्यांचं हे असतंच. गार असताना लोखंड आकसतं, जोडाला फट पडते. तापलं की फुगतं, फट मिटते. माणसांचंही तसंच असतं, फक्त उलटं.

मागचं भोक बुजव. जाड पत्र्याचा डबा कापून भोकाच्या दुप्पट तुकडा घे, आत काचेच्या धाग्याची पट्टी ठेव, ती गॅरेजवाल्यांकडे मिळते, आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळ. तारेनं बांधू नकोस, म्हाताऱ्यानं तार वापरली आणि तू बघितलंस काय झालं. तरी गुरगुर राहिली, तर भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गुंडा करून मागच्या नळीत सारून दे. हीही म्हाताऱ्याचीच युक्ती. गाडी मांजरासारखी चालेल आणि सासूबाईंचा जीव थंडावेल.

झालं की कळव. उगाच पानं भरू नकोस.

आजी


२३ जानेवारी

प्रिय आजी,

गाडी गप्प झाली. इतकी गप्प, की चालू आहे की बंद हे मला हात लावून बघावं लागतं. पत्रा आवळला, तारेचा गुंडा घातला, अगदी घट्ट. छान ऊब आहे.

आता गाडीतच बसून लिहिते आहे. इंजिन चालू आहे. काचा लावल्या आहेत, पडदे ओढले आहेत. डोकं थोडं जड आहे, थंडीचं असेल. दोन दिवस झोपच झोप येते आहे. काल एका यंत्राचा पट्टा उलटा बसवला, असं माझं कधी होत नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, गालांवर काय लाली आली आहे, कुणाचा निरोप आला का? मी हसले.

आजी, गाडीत आता आजोबांच्या शर्टाचा वास येतो. तुला हसू येईल. आवाज बंद झाला तसा तो वास आला, जणू ते आवाज बंद व्हायचीच वाट बघत होते. ते मागे बसतात. मान वळवून पाहिलं तर नसतात, आरशात पाहिलं तर असतात. आरशात मला त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसते. पेपरचं पान उलटतात. मला भीती वाटत नाही. छान ऊब आहे.

खालून कुणीतरी ठोकतं. काल ठोकलं, आजही. उठून बघायला हवं पण पाय जड आहेत. शिंपीणबाई हे पत्र टपालात टाकतील. त्यांची सात यंत्रं आहेत आणि सातही आजारी. छान ऊब आहे. तुला सांगायचं होतं ते आठवत नाही. आजोबा पान उलटतात.

छान ऊब


२७ जानेवारी

भिंगरे,

हे पत्र गाडीत बसून वाचत असशील तर वाचू नकोस. आधी दार उघड, बाहेर पड, मग वाच.

तुझं पत्र आज सकाळी आलं. पाकिटावरचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या हातचा होता. आतलं अक्षर बघितलं आणि वाचायच्या आधीच शेजारणीला हाक मारली. तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं असतं, पण कोंबडी सरळ चालते. ही ओळ डोंगर उतरत गेली होती, शेवटी सहीसुद्धा नव्हती.

इंजिन बंद कर. परत चालू करू नकोस. आत झोपू नकोस, बसू नकोस, पिशवी आणायलाही जाऊ नकोस. तुझ्या सीटखाली ऊब येते ती हीटरची नाही. पुढच्या जोडातून धूर येतो आहे. मागे मी वाट बंद करायला लावली, तेव्हा तो पुढून निघाला. मागून एवढा दाब आला की लोखंड फुगूनही ती फट मिटत नाही, आणि मी इथे बसून, न बघता, न ऐकता, शहाणपणानं सांगितलं की काळजी करू नकोस. त्या धुरात एक विष असतं, त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते माणसाला भांडत नाही, गोंजारतं. डोकं जड करतं, झोप आणतं, गालांवर लाली आणतं.

आमच्या गॅरेजात पहिला नियम होता, शटर उघडल्याशिवाय इंजिनाला किल्ली नाही. चाळीस वर्षं मी तो पाळला. पण गाडीला पडदे लावले की तिचं घर होतं, आणि घरात बसलेल्या माणसाला शटर कोण आठवून देणार.

आणि तो वास म्हाताऱ्याचा नाही. त्याच्या शर्टाला गाडीचा वास यायचा, गाडीला त्याचा नाही.

शेजारणीनं तुझा फोन दहा वेळा लावला, लागत नाही म्हणते. तिथल्या टपालातही कुणी उचलत नाही. काकाला आत्ता गाडी काढायला लावली आहे. दीड दिवसाची वाट आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते. तो पोचेल तेव्हा तू बाहेर उभी दिसायला हवीस. थंडीनं कुडकुडत, शिव्या देत, पण उभी.

आजी


२९ जानेवारी

प्रिय आजी,

मी शिंपीणबाईंच्या घरी, त्यांच्या कापड कापायच्या फळीवर गादी टाकून पडले आहे. काका काल आला. मी दारात उभी नव्हते, पण खिडकीतून शिव्या दिल्या, म्हणजे तुझं निम्मं ऐकलं. तुझं पत्र त्यानं वाचून दाखवलं.

पण मी पंचवीस तारखेलाच बाहेर आले होते, फोन मात्र गाडीतच बंद पडून राहिला. कशी, ते सांगते. शिंपीणबाईंना विचारून, त्यांनी काय पाहिलं तेही धरून सांगते, म्हणजे तू म्हणणार नाहीस की माझं डोकं धुरानं भरलं होतं.

दुपार होती. इंजिन चालू होतं. मी पुढच्या सीटला डोकं टेकून बसले होते आणि आरशात आजोबा होते. पान उलटत नव्हते. खालून ठोकायला लागलं. आधीच्या दिवसांसारखं लांबून नाही, अगदी माझ्या टाचेखाली. तीनदा. मग थांबलं. परत तीनदा. मला राग आला, आजी. इतकी छान झोप येत होती आणि हे कोण. तू दोनाचं सांगितलं होतंस, म्हणजे दाब. मी मनात म्हटलं, काय दाबू, माझ्याकडे बोळा नाही. परत तीनदा. इतकं जोरात, की टाचेला झिणझिण्या आल्या. तेव्हा खाली कोण आहे ते बघायचं आणि चार शब्द सुनवायचे म्हणून मी दार ढकललं. पायरीवरून सरळ जमिनीवर पडले. गार वारा तोंडावर आला आणि मला ओकारी झाली.

शिंपीणबाई पळत आल्या. त्या म्हणतात, मी मातीत गाल टेकून गाडीखाली बघत होते आणि म्हणत होते, बाहेर या. त्यांनी वाकून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. इंजिन चालूच होतं. त्यांनी स्वतः आत हात घालून बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ बसली असतीस तर मला बोलावून उपयोग नव्हता.

काकानं आज गाडीखाली शिरून सगळं तपासलं. पुढच्या जोडाची फट दाबानं वाढून करंगळी जाईल एवढी झाली आहे, आणि बरोबर तिच्यावर, सीटखालच्या पत्र्याला भोक आहे, पूर्वी तिथे रबरी बूच असावं. पण सुटं, हलणारं, ठोकेल असं काही नाही. सगळं घट्ट आहे. मी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा सांगितलं.

एकच विचारायचं आहे. तू दोनाचं सांगितलंस. तीनाचं काय?

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरीस,

वाचलीस. त्यावर जास्त लिहीत नाही, तुला चढेल.

आधी काम. पुढचा जोड उघडून नवीन गॅसकेट घालायला सांग आणि नळीला चीर असेल तर नळीच बदल, डागडुजी नको. जमिनीचं प्रत्येक भोक बुजव. मागचा पत्रा काढ, तारेचा गुंडा काढ, आणि नवा सायलेन्सर मिळेपर्यंत काचा उघड्या टाकून बोंबलत इकडे ये. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आवाज करणारी गाडी तुला काही करणार नव्हती. तो डबा पडला म्हणून तू महिनाभर जिवंत फिरलीस, आणि मी तुला दुसरा बसवायला लावला. तुझा काका म्हणतो, तुला काय माहीत होतं. मला माहीत होतं. गॅरेजात माहीत होतं, अंगणात आठवलं नाही.

म्हाताऱ्यानं माझा पोपटाचा डबा कापला तो सोमवारी. शेजारीण खूश झाली, मला येऊन हातवाऱ्यांनी सांगून गेली, की आता गाडी कशी गप्प. शुक्रवारी तो गेला. मधले चार दिवस त्याचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, बारीक अक्षराचे पेपर वाचतोस, दुसरं काय होणार. तीन वर्षं मी हे चार दिवस एकमेकांशेजारी ठेवले नव्हते. तुझ्या पत्रानं ठेवले.

आरशाचं लिहिलंस, ते मी परत परत वाचलं. त्या दुपारी मी खिडकीशी भांडी घासत होते. गाडी दहा पावलांवर. काचेतून मला त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. मला वाटलं डुलकी लागली, झोपू दे. ताट झाकून ठेवलं. पाठमोरा बसला होता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. काकालाही नाही, डॉक्टरांनाही नाही. कुणी विचारलं नाही आणि सांगण्यासारखं काय होतं त्यात. तुला कसं दिसलं ते मला विचारू नकोस. धुरात माणसाला काहीही दिसतं, एवढंच मला कळतं. भुताखेतांना मी कधी दारात उभं केलं नाही, आता या वयात करणार नाही.

ठोकण्याचंही मी खूप शोधलं. गार होणारी नळी टिकटिक करते, पण तुझं इंजिन चालू होतं. सुटा पत्रा वाजतो, पण काका म्हणतो सगळं घट्ट. मग मला सांगता येत नाही. आणि ही पहिलीच वेळ आहे, की सायलेन्सरचं मला कुणी विचारलं आणि सांगता आलं नाही.

तीनाचं सांगते. दोन म्हणजे दाब. तीन म्हणजे सोड, खाली धूर कोंडतोय, जीव घाबरा होतोय. ती खूण तुला लिहिली नव्हती, कारण तुला एकदाच दाबायचं होतं आणि गाडी उघड्यावर होती. काकाला ती माहीत नाही, त्यानं कधी बोळा धरलाच नाही. आमच्या दोघांपलीकडे ती कुणाला ठाऊक नव्हती. चाळीस वर्षांत तीन ठोके पडले आणि मी बोळा सोडायला उशीर केला, असं एकदाही झालं नाही. तिसरा पडायच्या आत माझा हात सुटलेला असायचा.

तो सापडला तेव्हा त्याच्या हातात पाना होता. मी तुला लिहिलंच होतं. लोक म्हणाले, कामाचा माणूस, हत्यार हातात घेऊनच गेला. मीही तीन वर्षं हेच सांगत आले, येणाऱ्या जाणाऱ्याला, जरा मान वर करूनच. काल ताडपत्रीखालची रिकामी जागा बघत उभी होते तेव्हा मनात आलं. पेपर वाचताना माणसाला पाना कशाला लागतो?

बसल्या जागेवरून हात खाली सोडला की गाडीचा पत्रा लागतो. उठायची ताकद नसली तरी तेवढं जमतं. ठोकलंच असेल त्यानं. दहा पावलांवर मी होते, हात पाण्यात, तोंड त्याच्याकडे.

माझे कान तोवर गेले होते.

आजी